पाटे वाढवले म्हणजे पिकअपची ताकद वाढते का?

हंगामात लासलगावच्या किंवा नारायणगावच्या बाजार आवारात उभ्या असलेल्या पिकअप बाजूने पाहिल्या, तर कित्येकींची शेपूट खाली बसलेली आणि नाक वर गेलेलं दिसतं. अशा गाडीचा मालक एक दिवस पाटेवाल्याकडे, म्हणजे गाडीचं वजन तोलणाऱ्या पोलादी स्प्रिंगच्या पट्ट्या बसवणाऱ्याकडे जातो आणि सांगतो, "दोन पाटे वाढवून दे." पाटेवाला वाढवून देतो. गाडी ताठ उभी राहते, मालक खूश होतो आणि पुढच्या खेपेला आणखी दहा क्रेट चढवतो.

मला काळजी आहे ती या शेवटच्या दहा क्रेटांची. पाटे वाढवणं चुकीचं नाही. काही गाड्यांना त्याची खरीच गरज असते. पण पाट्याने काय सुधारतं आणि काय जसंच्या तसं राहतं, हे ठाऊक नसताना केलेला खर्च वाया तर जातोच, शिवाय घाटात जिवावर बेतू शकतो.

मी बोलतोय ते बोलेरो पिकअप, टाटा योद्धा, अशोक लेलँडची दोस्त अशा गाड्यांबद्दल. २००५ साली आलेली टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, तीही त्यात आलीच. या सगळ्यांचा मागचा एक्सल पाट्यांवर असतो आणि सगळ्यांच्या मालकांच्या तक्रारीही सारख्याच असतात. भरली की मागे बसते, वळणावर डुलते, खड्डा मागे पडला तरी उसळत राहते, रिकामी असली की हाडं खिळखिळी करते. ऐकताना हा एकच आजार वाटतो, पण आजार चार आहेत आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे.

आधी पाट्यांकडे बघू. एकावर एक ठेवलेल्या पोलादी पट्ट्यांची चळत मध्यभागी यू बोल्टांनी एक्सलला आवळलेली असते. सर्वांत लांब तो मेन पाटा. त्याची दोन्ही टोकं चेसीला, म्हणजे गाडीच्या सांगाड्याला जोडलेली असतात, एक थेट बुशात आणि दुसरं शॅकलमधून, म्हणजे हलणाऱ्या कडीतून, कारण दबला की पाटा लांबतो आणि त्या लांबण्याला जागा लागते. जाडी तीच ठेवून पाट्यांची संख्या वाढवली तर कडकपणा त्याच प्रमाणात वाढतो. चारचे सहा केले की साधारण दीडपट. जाडी वाढवली तर मात्र गणित झपाट्याने बदलतं, कारण कडकपणा जाडीच्या घनाने वाढतो. ८ मिलिमीटरच्या जागी १० मिलिमीटरचा पाटा घातला, तर तो एकटा जवळजवळ दुप्पट कडक असतो. म्हणून दुकानात "जरा जाड टाक" म्हणताना त्या जरा शब्दाचा अर्थ किती होतो हे माहीत असायला हवं.

आता रिकाम्या गाडीचे दणके. समजा रिकाम्या पिकअपच्या वजनाने मागचे पाटे ६ सेंटीमीटर दबलेले आहेत. अशा गाडीचा मागचा भाग सेकंदाला साधारण दोन वेळा वरखाली होतो. ते अंगाला टोचतं. त्याच पाट्यांवर तिप्पट वजन आलं की ते १८ सेंटीमीटर दबतात आणि वरखाली होण्याचा वेग सेकंदाला सव्वा वेळेच्या आसपास येतो. तो आपल्या शरीराला मानवतो. भरलेली पिकअप रिकामीपेक्षा मऊ वाटते ती यामुळे. आता त्याच पाट्यांचा कडकपणा दीडपट करा. भरलेली गाडी १८ ऐवजी १२ सेंटीमीटरच दबेल, म्हणजे शेपूट सावरली. पण रिकाम्या गाडीत पाटे फक्त ४ सेंटीमीटर दबतील आणि मागचा भाग सेकंदाला अडीच वेळा उडेल. प्रत्येक खेपेनंतर परतीच्या रस्त्यावर गाडी रिकामी असते. त्या रस्त्यावर, विशेषतः पावसात, मागची चाकं वळणातल्या खडबडीत डांबरावर टिकत नाहीत, उडत उडत जातात. चाक जमिनीला टेकलेलं नसेल त्या क्षणी ब्रेकही नसतो आणि पकडही नसते.

यावर जुना आणि चांगला तोडगा म्हणजे हेल्पर पाटा. तो मुख्य चळतीच्या वर किंवा खाली असा बसवतात की गाडी रिकामी असताना त्याच्यावर भारच येत नाही. ठरावीक वजन आलं की त्याची टोकं टेकतात आणि मग तो कामाला लागतो. रिकामी असताना मऊ आणि भरली की कडक, हे दोन्ही त्याने साधतं. तुमची गाडी पासिंगच्या, म्हणजे नोंदणीत मंजूर वजनाच्या आतच माल नेते आणि तरीही मागे बसते, तर जाड पाट्यांची भर घालण्याआधी हेल्परचं विचारा. त्याहीआधी हे पाहा, की आहेत ते पाटे थकलेले तर नाहीत ना? वर्षानुवर्षं दबून पाट्याची कमान निघून जाते, एखादा पाटा मध्येच चिरतो, गंज चढून पाटे एकमेकांना चिकटतात. डावी बाजू उजवीपेक्षा खाली असेल तर पाटा तुटल्याची शंका आधी घ्या. थकलेल्या चळतीत नवा पाटा घुसवला, तर सगळा भार तो एकटा घेतो आणि तोच लवकर तुटतो.

शॉकअपबद्दल, म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बरबद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. गाडी बसली की लोक शॉकअप बदलतात. साध्या शॉकअपवर वजन नसतंच, वजन असतं पाट्यांवर. शॉकअपचं काम एवढंच, की पाटा एकदा उसळला की त्याला पुन्हा पुन्हा उसळू द्यायचं नाही. मात्र वजन वाढलं की त्याच शॉकअपची पकड तोकडी पडते, कारण आता त्याला जास्त वस्तुमान थांबवायचं असतं. पाटे कडक केले की ती आणखी तोकडी पडते. म्हणून पाटे वाढवून शॉकअप जुनेच ठेवले, की गाडी बसत नाही पण घोड्यासारखी उधळते. स्पीडब्रेकर ओलांडल्यावर मागचा भाग एकदा वर येऊन शांत व्हायला हवा. दोन-तीन वेळा डुचमळत असेल किंवा शॉकअपच्या अंगावरून तेलाचा ओघळ आलेला असेल, तर जोडी बदला. एक बदलून एक जुना ठेवू नका.

आता मुद्द्याचं. पाटा हा वजन वाहून नेणाऱ्या साखळीतला एकच दुवा आहे. त्याच्या पुढे एक्सलची नळी आहे, चाकाचं बेअरिंग आहे, रिम आहे, टायर आहे, ब्रेकचा ड्रम आणि लायनर आहे, वर चेसी आहे. कंपनी गाडीचं एकूण वजन ठरवते तेव्हा या सगळ्यांचा हिशेब धरलेला असतो. दोन पाटे वाढवल्याने बेअरिंग मोठं होत नाही आणि ड्रमही मोठा होत नाही. आधी गाडी मागे बसून मालकाला सांगत होती की माल जास्त झालाय. पाटे वाढल्यावर ती सांगायची बंद होते. जास्तीचं वजन तसंच राहतं, त्याची खूण तेवढी पुसली जाते.

ब्रेकच्या बाबतीत हे अक्षरशः घडतं आणि ते डोळ्यांनी बघता येतं. गाडी सपाट जागी, गिअरमध्ये, चाकांना दगड लावून उभी करा आणि मागच्या एक्सलजवळ खाली वाकून बघा. अनेक पिकअपना एक्सलपासून निघून चेसीवरच्या मुठीएवढ्या वाल्वकडे जाणारी बारीक दांडी किंवा स्प्रिंग दिसेल. हा लोड सेन्सिंग वाल्व. याला वजन कळत नाही. याला कळते ती चेसी आणि एक्सल यांच्यातली उंची. माल भरला, चेसी खाली आली, दांडी हलली, की वाल्व मागच्या ब्रेकला जास्त दाब सोडतो. गाडी रिकामी असली की दाब कमी करतो, नाहीतर हलकी मागची चाकं जाम होऊन गाडी फिरेल. पाटे वाढवून चेसी चार-पाच सेंटीमीटर उचलली, की दीड टन माल घेतलेली गाडी या वाल्वच्या लेखी अर्धीमुर्धी रिकामी असते. तो मागच्या ब्रेकचा दाब कमी ठेवतो. मग सगळा ताण पुढच्या ब्रेकवर येतो. सपाटीवर हे जाणवत नाही. माळशेज उतरताना जाणवतं, वास येतो, पेडल खोल जायला लागतं. पाट्यांचं काम झाल्यावर हा वाल्व कंपनीच्या मापाप्रमाणे पुन्हा लावून घ्यावा लागतो, आणि बहुतेक ठिकाणी ते कोणी विचारतही नाही. तुम्ही विचारा. पाटेवाल्याला जमत नसेल तर सर्व्हिस सेंटरला न्या.

यात एक पैसाही न लागणारी सुधारणा आहे आणि ती सर्वांत मोठी आहे. माल कुठे ठेवता ते बदला. गाडीच्या पुढच्या आणि मागच्या एक्सलमधलं अंतर तीन मीटर धरा. ५०० किलोचा माल मागच्या एक्सलच्या एक मीटर मागे, म्हणजे फाळक्याजवळ ठेवला, तर मागच्या एक्सलवर ५०० नव्हे, साधारण ६६७ किलो वाढतात. जास्तीचे १६७ किलो पुढच्या एक्सलवरून उचलले जातात. पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग सैल लागतं, चढावर तर नाक तरंगायला लागतं. तोच माल मागच्या एक्सलच्या एक मीटर पुढे घेतला, तर मागे ३३३ आणि पुढे १६७ किलो वाढतात. माल तोच, पाटे तेच, पण मागच्या एक्सलवरचा बोजा निम्मा. म्हणून जड वस्तू कॅबिनच्या बाजूला आणि खाली, हलक्या मागे आणि वर. सगळ्या मालाचा मध्य मागच्या एक्सलच्या थोडा पुढे यायला हवा.

सळई नेताना हा नियम सगळेच मोडतात. बारा मीटरची सळई दुमडून किंवा मागे लोंबकळत ठेवून नेतात. लोंबणारा प्रत्येक मीटर पुढचं चाक उचलत असतो, आणि मागून येणाऱ्या दुचाकीवाल्याला संध्याकाळच्या अंधारात ती सळई दिसत नाही.

दुष्काळी भागात पिकअपच्या हौद्यात पाण्याची टाकी टाकून गावोगाव फिरतात. हजार लिटरची भरलेली टाकी म्हणजे एक टन वजन, तेही एका जागी. पण भरलेल्या टाकीपेक्षा अर्धी टाकी जास्त फसवी असते. वळणावर पाणी बाहेरच्या बाजूला धावतं, ब्रेक मारला की पुढे येऊन आदळतं. टाकीत आडवे पडदे नसतील तर अर्ध्या टाकीने लांबचा पल्ला मारू नका. जनावरं आणि उभी माणसं यांचंही तेच आहे, वळणावर सगळा भार एकाच बाजूला झुकतो. मालवाहू हौद्यात माणसं बसवून जत्रेला, लग्नाला किंवा शेतावर नेणं कायद्यातही बसत नाही आणि या गणितातही बसत नाही.

आता वळणाचं. गाडी उलटण्याची हद्द दोन मापांवर ठरते, दोन चाकांमधली रुंदी आणि सगळ्या वजनाच्या मध्याची जमिनीपासूनची उंची. डोक्यावर भरलेला हंडा असलेली बाई झटकन वळत नाही, तसंच हे आहे. समजा चाकांमधलं अंतर १.४ मीटर आहे आणि क्रेट उंच रचल्यामुळे वजनाचा मध्य १.१५ मीटरवर गेला आहे. २० मीटर त्रिज्येच्या वळणावर अशी गाडी कागदावर ताशी ३९ किलोमीटरच्या आसपास उलटते. कागदावर म्हणतो, कारण या हिशेबात पाटे आणि टायर दबून गाडी बाहेर झुकते ते धरलेलंच नाही. ते धरलं की हद्द आणखी अलीकडे येते. हाच माल एक थर कमी करून आणि पसरून मध्य २० सेंटीमीटर खाली आणला, तर हद्द ४३ पर्यंत सरकते. आणि वेग ४० वरून ३० वर आणला, तर गाडीला बाहेर ढकलणारा जोर जवळपास निम्म्यावर येतो, कारण तो जोर वेगाच्या वर्गाने वाढतो.

इथे पाट्यांची फसगत पुन्हा समोर येते. कडक पाटे घातले की गाडी वळणावर कमी झुकते. स्टॅबिलायझर बार बसवला, म्हणजे डाव्या-उजव्या चाकाला जोडणारी ती पोलादी कांब, तर आणखी कमी झुकते. हे झुकणं कमी होणं चांगलंच आहे, त्याने गाडी ताब्यात राहते. पण उलटण्याची हद्द त्याने फारच थोडी सरकते, उलट पाट्यांनी हौदा उचलला गेला असेल तर वजनाचा मध्य वरच गेलेला असतो. आधी गाडी डुलायला लागली की ड्रायव्हरचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा. आता ती डुलत नाही आणि पाय उशिरा जातो. गाडी डुलायची थांबली म्हणजे उलटायची थांबली असं समजून वेग वाढवणाऱ्या पोरांसाठीच खरं तर मी हे लिहितोय.

अमेरिकेत आणि ऑस्ट्रेलियात पाट्यांच्या मदतीला हवेच्या रबरी पिशव्या बसवायची पद्धत आहे. एक्सल आणि चेसी यांच्यामध्ये दोन बाजूंना दोन पिशव्या, माल भरला की हवा भरायची, उतरवला की कमी करायची. परतीच्या वाटेवरच्या रिकाम्या गाडीची अडचण त्याने छान सुटते. तिकडे राहणारे मराठी वाचक असतील तर त्यांच्यासाठी, आणि इथेही कुणी बसवणार असेल तर, दोन गोष्टी. दोन्ही पिशव्यांना एकच नळी देऊ नका. वळणावर दबलेल्या पिशवीतली हवा त्या नळीतून दुसरीकडे पळते आणि गाडी जास्तच झुकते. दोन्हीकडे वेगळ्या नळ्या हव्यात. दुसरी गोष्ट चेसीची. पाटा आपला भार चेसीला दोन टोकांवर वाटून देतो, पिशवी तो एका ठिकाणी टेकवते. मागे जड बोजा लोंबत असेल तर चेसी नेमकी तिथून वाकते. ऑस्ट्रेलियात अशा वाकलेल्या गाड्यांचं प्रकरण ओळखीचं आहे.

टायरबद्दल थोडक्यात. टायरच्या अंगावर मापाच्या शेजारी १०४, १०८ असा आकडा असतो. तो थेट किलो नाही, तो तक्त्यातला निर्देशांक आहे. १०४ म्हणजे एका टायरला ९०० किलो, १०८ म्हणजे १०००. आणि तेही सांगितलेली हवा असेल तरच. हवा कमी असली की बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात जास्त वाकते, तापते, आणि एप्रिल-मेच्या दुपारी समृद्धीसारख्या सलग काँक्रीटवर तासभर पळवल्यावर फुटते. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर रिकाम्या आणि भरलेल्या गाडीची हवा वेगवेगळी दिलेली असेल, तर ती पाळा. हवा सकाळी टायर थंड असताना मोजा, तापलेल्या टायरची हवा वाढलेली दिसते म्हणून सोडून देऊ नका. गाडी वळणावर गुळगुळीत तरंगल्यासारखी वाटत असेल, तर पाटेवाल्याआधी पंक्चरवाल्याकडे जा.

आपण नेमकं किती नेतो हे बहुतेकांना अंदाजानेच माहीत असतं. टोमॅटोचं क्रेट २० किलोचं धरतात, पण रिकाम्या क्रेटचं वजन धरत नाहीत. कॅबिनमधली माणसं, ताडपत्री, दोर हेही गाडीच्या एकूण नोंदणीकृत वजनातच मोजलं जातं. एकदा वजनकाट्यावर जा आणि दोन वजनं करून घ्या. पहिलं पूर्ण गाडीचं. दुसरं करताना पुढची चाकं काट्याच्या बाहेर सपाटीवर घ्या आणि फक्त मागची चाकं काट्यावर ठेवा. हा दुसरा आकडा मागच्या दोन टायरांच्या क्षमतेच्या बेरजेशी आणि मिळाला तर कंपनीने दिलेल्या एक्सलच्या आकड्याशी ताडून पाहा. एकूण वजन हद्दीत आणि मागचा एक्सल हद्दीबाहेर, असंही होतं. तेव्हा माल कमी करायची गरज नसते, पुढे सरकवायची असते. एकूण आकडाच जास्त असेल तर मात्र कोणताही पाटा, पिशवी किंवा शॉकअप उपयोगाचा नाही. १ सप्टेंबर २०१९ पासून मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ प्रमाणे ओव्हरलोडला २०,००० रुपये आणि वर प्रत्येक जास्तीच्या टनाला २,००० रुपये दंड आहे, आणि जास्तीचा माल तिथेच उतरवायचा खर्चही आपलाच.

पाट्यांचं काम करून घेतलंत तर गाडी ताब्यात घेताना चार गोष्टी बघा. चळत बांधणारा सेंटर बोल्ट नवा घातलाय का? तो तुटला की एक्सल सरकतो आणि गाडी रस्त्यावर तिरकी चालते. शॅकलला हालचालीची जागा उरली आहे का? भरलेल्या गाडीत चेसीखालचा रबरी गुटका एक्सलवर टेकत तर नाही ना? हेडलाइटचा झोत भिंतीवर कुठे पडतो? मागे उंची बदलली की झोतही बदलतो. डॅशबोर्डवर झोत वरखाली करायचं बटण असेल तर माल भरल्यावर ते खाली करायची सवय ड्रायव्हरला लावा, समोरच्याच्या डोळ्यांत प्रकाश जात नाही. आणि नवीन आवळलेले यू बोल्ट पहिल्या काही खेपांमध्ये सैल होतातच, कारण पाटे एकमेकांवर बसायला वेळ घेतात. ५०० किलोमीटरच्या आत गाडी परत नेऊन ते ठरलेल्या टॉर्कला, म्हणजे ठरलेल्या जोराने पुन्हा आवळून घ्या. पाटेवाला त्याचे वेगळे पैसे सहसा घेत नाही.